जिवाणूंना कोल्हापुरी खुराक

"मॅडमची कृती म्हणजे आजाऱ्याची पेज हाय! माझे जिवाणू कोल्हापुरात वाढणार, त्यांचा खुराकबी कोल्हापुरीच पायजे!" विजयसिंहाने भर प्रयोगशाळेत जाहीर केलं.

साल दोन हजार सहा. गडमुडशिंगीच्या या गड्याचं संशोधन ऐकायला भारदस्त होतं. उंटाच्या रक्तात रोगाशी लढणारं जे प्रतिपिंड असतं, त्याचा एक चिमुकला तुकडा म्हणजे नॅनोबॉडी. तो बनवण्याचं जनुक जिवाणूंच्या पोटात घातलं, की उंट पाळायची भानगडच नको! जिवाणूंना आधी खाऊपिऊ घालून वाढवायचं, मग इशाऱ्याचं औषध टाकायचं. चला, लागा कामाला! ते मुकाट तुकडे बनवायला घेतात.

नमुना चांगला निघाला तर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली एक औषध कंपनी विजयसिंहाला नोकरी देणार होती. नाही निघाला, तर वडील गणपतराव त्याला गुऱ्हाळाला जुंपणार होते. तसं त्यांनी चावडीवर चारचौघांत सांगूनच टाकलं होतं.

त्याच्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडम पुण्याला गेल्या होत्या. जाताना "कृतीत काडीचाही बदल करायचा नाही" असं बजावून गेल्या होत्या. पण ऐकेल तो विजयसिंह कसला! त्याने घरच्या गुऱ्हाळाचा गूळ आणला, उकळला, गाळला आणि दिला फ्लास्कमध्ये ओतून. गाळून घेतला, म्हणजे शिक्षण अगदीच वाया गेलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर दीक्षा कांबळे हेच काम मॅडमच्या कृतीने करत होती. तिने डोळे मोठे केले.

"अरे, मॅडमना विचारलंस का?"

"पाव्हण्याला गूळ-पाणी द्यायला परवानगी लागती व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्याचा फ्लास्क बासुंदीसारखा दाट! दीक्षाचा आपला ताकासारखा पातळ.

"बघ! तुझे कुपोषित, माझे तालमीतले!" असं म्हणत त्याने ऐटीत इशाऱ्याचं औषध टाकलं आणि तडक घरी फोन लावला. "आबा, परवा कंपनीचं सायब येणार हायत. तुमीबी या!"

गणपतराव परीटघडीचा फेटा बांधून आले. हातात पेढ्यांचा पुडा! मॅडम परतल्या, साहेब आले, आणि सगळ्यांसमोर जिवाणू फोडून त्यांचा रस गाळायला सुरुवात झाली. नॅनोबॉडीला एक शेपटी जोडलेली असते. ती निकेलच्या मण्यांना चिकटून बसते, बाकीचा कचरा वाहून जातो.

विजयसिंहाचं सगळंच वाहून गेलं.

शेवटी निळ्या रंगाची चाचणी झाली. दीक्षाच्या नमुन्याच्या रांगेत नॅनोबॉडीच्या जागी निळी ठसठशीत रेघ उमटली. विजयसिंहाच्या रांगेत मात्र त्या जागी ठणठण गोपाळ!

"काय घातलंस?" मॅडमचा आवाज चढला.

"काही नाही मॅडम... थोडा गूळ."

"थोडा म्हणजे?"

"म्हंजे... आख्खी ढेप न्हाय. कोपराच."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, गोड समोर असेपर्यंत हे जिवाणू इशाऱ्याकडे ढुंकूनसुद्धा बघत नाहीत! आयतं मिळतंय म्हटल्यावर काम कोण करणार? नुसते खातात, फुगतात आणि पडून राहतात!"

साहेबांनी दीक्षाची कुपी उचलली, सोमवारी तिला भेटायला बोलावलं आणि ते निघून गेले. विजयसिंह खालमानेनं निकेलचे मणी धुऊ लागला.

गणपतराव इतका वेळ कोपऱ्यात उभं राहून सगळं मन लावून ऐकत होते. ते पुढे आले आणि त्यांनी पेढ्यांचा पुडा दीक्षाच्या हातात दिला. मग फेटा सारखा करत, पोराकडे बोट दाखवत मॅडमकडे वळले.

"मॅडम, येवढं शिकल्याव तुमास्नी हे कळलं व्हय? ह्येच्या आईला सांगून सांगून माझं त्वांड दुखलं. आमच्या घरात ह्यो प्रयोग ह्येच्या जन्मापासनं चालू हाय की!"