एका खेळाची परवानगी

"तुझा मजला पहिला आलाय, एमेट," रेक्टरबाई म्हणाल्या, आणि एमेट न्यूगार्डला क्षणभर खरंच आनंद झाला.

मग त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. सिनेमे, गाणी आणि सॉफ्टवेअर चोरून उतरवल्याबद्दल कंपन्यांनी कॉलेजला ज्या नोटिसा धाडल्या होत्या, त्यांत होल्टर हॉलचा तिसरा मजला सगळ्या वसतिगृहांत अव्वल होता. दुसरा नंबर जवळपासही नव्हता. आणि तिसऱ्या मजल्याचा मॉनिटर होता एमेट.

या गोष्टीतला अन्याय असा, की एमेटनं जन्मात एक गाणंदेखील चोरलं नव्हतं. मिनेसोटातल्या जानेवारीत, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, पायी चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होईपर्यंत कुडकुडत उभा राहणारा तो मुलगा. पण मॉनिटर झालं की मजल्याचं पाप आपल्या नावावर चढतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

रेक्टर प्रूडनबाईंचं म्हणणं असं होतं, की पोरं मुळात वाईट नसतात. त्यांना सरळ मार्ग कुठे आहे तेच ठाऊक नसतं. म्हणून एमेटनं शुक्रवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्याच्या लाउंजमध्ये एक कार्यक्रम करायचा. सिनेमा कायदेशीर, आधी वाजणारी गाणी कायदेशीर, पोस्टर ज्या सॉफ्टवेअरवर बनवायचं तेही कायदेशीर. मुलांना दिसू दे, की न चोरताही मजा करता येते.

"आणि मजा आली नाही तर?" एमेटनं विचारलं.

"तर मॉनिटर बदलावा लागेल. मॉनिटर बदलला की खोलीही बदलते, हे तुला माहीत आहेच."

एमेटच्या तोंडचं पाणी पळालं. मॉनिटरला एकट्याची खोली मिळते. त्या कोपऱ्यातल्या, दोन खिडक्यांच्या, शांत खोलीसाठी त्यानं दोन वर्षं तळघरात काढली होती, कपडे वाळवणाऱ्या यंत्रांच्या शेजारी, ब्रॉक नावाच्या एका सज्जनासोबत. ब्रॉक कॉलेजच्या बँडमध्ये ट्यूबा नावाचा भलामोठा पितळी भोंगा वाजवायचा आणि सराव खोलीत करायचा. ब्रॉकचा दुसरा जोडीदार नुकताच सोडून गेला होता, म्हणजे खाट रिकामीच होती. एमेटचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध अर्धा लिहून झाला होता. उरलेला अर्धा आता ट्यूबाच्या साथीनं लिहायचा.

"कॉलेजच्या वेबसाइटवर कायदेशीर ठिकाणांची यादी आहे," बाई जाताजाता म्हणाल्या. "आपणच केलेली आहे. तिथून सुरुवात कर."

एमेटनं तिथून सुरुवात केली. यादीतली पहिली कंपनी बंद पडून जमाना झाला होता. दुसरी कॅनडात गेली होती. तिसरीच्या नावावर टिचकी मारली, तर कुत्र्यांचे स्वेटर विकणारं दुकान उघडलं. चौथीनं ‘तुमचं अभिनंदन’ असं म्हणून नाचायला सुरुवात केली, तेव्हा एमेटनं घाबरून सगळं बंद केलं.

मग त्याला आईची आठवण झाली. आईनं एका सिनेमावाल्या कंपनीची वर्गणी भरलेली होती आणि पासवर्ड सगळ्या घराला वाटलेला होता. पण एमेट पडला एमेट. त्यानं आधी कंपनीच्या अटी वाचल्या. त्या अटी पूर्ण वाचणारा पृथ्वीच्या पाठीवर बहुधा तो एकटाच असेल. त्यांत लिहिलं होतं, की वर्गणी एका घरापुरती आहे. बरं, स्वतःची वर्गणी घ्यावी म्हटलं, तर पुढे लिहिलं होतं, की सिनेमा फक्त खासगीत पाहावा, चारचौघांत दाखवू नये. लाउंजमध्ये तर चाळीस जण बसणार होते. त्यानं आईला फोन करून हे सांगितलं, तेव्हा नेब्रास्काहून येणारी आत्या आणि तिची पोरं यांना आता आपण काय दाखवायचं, या काळजीत ती पडली, एवढंच निष्पन्न झालं.

शेवटी तो लायब्ररीत गेला. तिथल्या ऑस्टबीबाईंनी चष्मा कपाळावर चढवून त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"डीव्हीडी हव्या तेवढ्या ने. खोलीत बसून बघ," त्या म्हणाल्या. "लाउंजमध्ये नाही दाखवता येणार."

"खोलीत मित्र बसले तर?"

"बसू देत की."

"किती बसले म्हणजे सार्वजनिक होतं?"

ऑस्टबीबाईंनी थोडा विचार केला. "दार लावलेलं आहे की उघडं?"

"उघडं."

"मग सार्वजनिक."

एमेटनं कपाळावर हात मारून घेतला. खोलीत दार लावून चाळीस पोरं कोंबावीत, तर आगीचे नियम मोडतात, आणि ते नियम मजल्यावर चिकटवणारा तोच. त्याचा चेहरा बघून ऑस्टबीबाईंना दया आली असावी. त्यांनी सांगितलं, की काही सिनेमे असे असतात, जे फक्त शाळा-कॉलेजांनाच देतात. लायब्ररीतर्फे एका खेळाची परवानगी मागता येते. ठरल्या दिवशी सात ते नऊ सिनेमा इंटरनेटवरून उघडतो, नऊ वाजता आपोआप मिटतो. शुक्रवारसाठी तीनच शिल्लक होते. एक दातांच्या निगेवर, एक नॉर्वेहून आलेल्या लोकांच्या लोणी घुसळण्यावर आणि एक दलदलीत राहणाऱ्या बीव्हर नावाच्या प्राण्यावर. एमेटनं बीव्हर घेतला. निदान त्याला शेपूट तरी होती.

"आणि हो," ऑस्टबीबाई म्हणाल्या, "पोस्टरवर सिनेमाचं नाव घालायचं नाही. तशी अट आहे."

"नाव न सांगता लोकांना बोलावू कसं?"

"ते सिनेमा देणाऱ्या कंपनीनं लिहिलेलं नाही."

पोस्टरची तर वेगळीच तऱ्हा. चित्रं काढायचं सॉफ्टवेअर कॉलेजनं घेतलेलं होतं, पण ते उघडायला चित्रकलेच्या वर्गात नाव असावं लागतं, आणि त्या वर्गाची नावनोंदणी सप्टेंबरातच संपली होती. एमेटनं पुठ्ठा घेतला आणि जाड मार्करनं हातानं लिहिलं, ‘शुक्रवारी सात वाजता. सिनेमा. नाव सांगण्याची परवानगी नाही. पिझ्झा आहे.’

समोरच्या खोलीतल्या टकर लिंडालनं ते दोनदा वाचलं. मजल्याला पहिला नंबर मिळवून देण्यात टकरचा वाटा सिंहाचा होता.

"कुठला आहे रे सिनेमा?"

"सांगता येत नाही."

"मला सुद्धा?"

"कुणालाच नाही, टकर. लेखी अट आहे. नऊ वाजता बंद म्हणजे बंद, आणि पुन्हा कधीच दाखवता येणार नाही."

टकरचे डोळे विस्फारले. त्यानं एमेटकडे असं पाहिलं, जसं त्यानं यापूर्वी कधीच पाहिलं नव्हतं. "लेका, तू आतल्या गाठीचा निघालास," तो आदरानं म्हणाला, आणि जिना उतरून खाली गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजात बातमी होती, की होल्टर हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर शुक्रवारी काहीतरी भलतंच दाखवणार आहेत, आणि तेही त्या न्यूगार्डच्या हातून. एमेट ज्याला-त्याला शपथेवर सांगत सुटला, की सिनेमा अगदी साधा आहे. तो जितकं सांगे तितकी गर्दी वाढत होती.

शुक्रवारी लाउंजमध्ये मुंगीला शिरायला वाव नव्हता. दुसऱ्या हॉलमधली पोरं आली होती, पोरी आल्या होत्या, हॉकीची अख्खी टीम भिंतीला टेकून उभी होती. फुकट वापरायची मुभा असलेली गाणी एमेटनं शोधून ठेवली होती, ती सगळी अकॉर्डियनवरची निघाली, त्यामुळे हॉकीवाल्यांचा संशय जास्तच बळावला. मागे दारात प्रूडनबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या, त्यामुळे त्यांच्या अंगावर घरातला स्वेटर आणि पायांत सपाता होत्या.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर दलदल आली. बराच वेळ दलदलच राहिली.

"सुरुवात अशीच असते," टकर कुणाला तरी समजावत होता.

मग बीव्हर आला. पहिली दहा मिनिटं पोरांनी त्याला शिट्ट्या मारल्या, पुढची दहा एमेटला शिव्या दिल्या. एमेट खुर्चीत अंग चोरून बसला. त्याच्या कानांत ट्यूबा वाजायला लागला होता. पण बाहेर बर्फ पडत होता, पिझ्झा संपायचा होता, म्हणून कुणी उठलं नाही, आणि त्यातच कधीतरी आरडाओरडा थांबला. ती एका डोळ्यानं आंधळी बीव्हरीण होती. नवरा लांडग्यांनी नेलेला, पदरात दोन पिल्लं, आणि ती एकटी दातांनी झाडं पाडून बांध घालत होती. सिनेमावाल्यांनी तिला नुसता नंबर दिला होता. टकरनं तिचं नाव ग्लॅडिस ठेवलं. फांदी निसटली की ‘अगं, डावीकडून धर,’ असं हॉकीवाले ओरडायला लागले. दारातल्या प्रूडनबाई खाली बसल्या होत्या, त्या नेमक्या केव्हा, ते कुणीच पाहिलं नाही.

वसंत आला, बर्फ वितळला, नदीला लोंढा आला. बांधाला चीर पडली. पिल्लं आत होती आणि ग्लॅडिस दुसऱ्या काठाला. तिनं पाण्यात उडी घेतली.

त्याच क्षणी इमारतीची आगीची घंटा वाजली.

पहिल्या मजल्यावर कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळून ठेवले होते. पण घंटा वाजली की सगळ्यांनी बाहेर जायचं, बंब येणार, बंबवाले सगळ्या खोल्या तपासणार, हा नियम. सत्तर-ऐंशी जण बर्फात उभे राहिले, अर्धे नुसत्या मोज्यांवर. थंडीबद्दल एकानंही तक्रार केली नाही. सगळ्यांचं बोलणं एकच, ती पोचली असेल का. बंबवाल्यांनी आत सोडलं तोवर नऊ वाजून गेले होते. पडद्यावर कंपनीनं आभार मानलेले होते.

पुढचे दोन दिवस एमेटला कुणी सुखानं जेवू दिलं नाही. जेवणघरात टेबलाशी येऊन पोरं विचारत, पुन्हा कधी दाखवणार. त्यानं ऑस्टबीबाईंना विचारलं. पुन्हा खेळ पुढच्या शैक्षणिक वर्षात. त्यानं कंपनीला लिहिलं, की निदान एकट्याला विकत द्या. कंपनीनं कळवलं, की ती फक्त संस्थांना देते, माणसांना नाही.

"म्हणजे मी पैसे द्यायला तयार आहे," टकर म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा, आणि हे घेत नाहीत?"

"नाहीत."

"मग चोरायचा कुठून ते तरी सांग. मी शनिवारभर शोधला. हा सिनेमा चोरण्याच्या लायकीचा आहे, असं जगात कुणालाच वाटलेलं नाही." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

सोमवारी प्रूडनबाईंचं बोलावणं आलं. बीव्हरच्या सिनेमाबद्दल नोटीस आली होती. एमेटनं मनातल्या मनात पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. या खेपेला आपण काही चोरलेलं नाही, अशी साक्ष द्यायला म्हणून टकर त्याच्यासोबत आला आणि ऑफिसच्या उघड्या दाराबाहेर उभा राहिला.

"तिसऱ्या मजल्यावर या वेळी एकही नोटीस नाही," प्रूडनबाई म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "खोली तुझीच राहील."

एमेटचा जीव भांड्यात पडला. "मग नोटीस कुणाला आली?"

बाईंनी टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला. "तळमजल्याला," त्या म्हणाल्या.

तळमजल्यावर एकच बिऱ्हाड होतं.

"मी आपल्याच यादीतून गेले होते, एमेट. आपण मुलांना देतो त्याच. कायदेशीर ठिकाणांच्या. तिथला चौथा नंबर. आधी माझं अभिनंदन केलं, मग म्हणाले, कुठला सिनेमा हवा." त्यांनी पदवीदान समारंभात असतो तसा ताठ चेहरा केला होता, पण कान लाल झाले होते. "नियम असा आहे, की ज्याला नोटीस आली, त्याला मॉनिटरनं समज द्यायची. तेव्हा दे."

एमेटनं तोंड उघडलं. आठवडाभर वाचलेल्या सगळ्या अटी त्याच्या जिभेवर होत्या. पण आलं ते वेगळंच.

"ती पोचली का, बाई?"

प्रूडनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "दाखवायला परवानगी लागते," त्या हळूच म्हणाल्या. "सांगायला लागते का?"

एमेटनं मन लावून आठवून पाहिलं. "सांगण्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही."

"मग बस." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. उघड्या दारातून टकर आत डोकावत होता, ते त्यांना दिसलं. "त्यालाही आत घे. आणि दार लाव, एमेट. उघडं राहिलं तर ते सार्वजनिक होईल."