देवराव काकाजींच्या टाइल्स

नवी वस्तू समोर आली की आमचे शेजारी देवराव काकाजी आधी ती बोटाच्या गाठीनं ठोकून बघतात. टेबल असो, कलिंगड असो, नाहीतर कुणाच्या लग्नातली कमान. "आतून भुसा हाय," असा निकाल ते यजमानाच्या तोंडावर देतात. पुढे ठरलेलं वाक्य, "नकली ते नकलीच, बाई!" पुतणीसाठी मुलगा बघायला राळेगावहून वणीला गेले, तर चहाच्या आधीच त्यांनी त्याला विचारलं, "केस सोताचेच हायेत ना?" केस त्याचे नव्हते. स्थळ तिथंच मोडलं आणि काकाजींना कुठल्याही बैठकीला न्यायचं बंद झालं.

असा माणूस स्वयंपाकघरात खोट्या टाइल्स रंगवेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

काकाजींच्या बायकोला, मंदाकाकूंना, ओट्यामागे टाइल्स हव्या होत्या. ढाणकी गावाला दिलेली त्यांची धाकटी बहीण दिवाळीला येणार होती. तिच्याकडे सगळं चकाचक, आणि काकूंच्या भिंतीवर वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचे डाग. "तिच्यासमोर मले खाली पाहायले लावू नका," काकूंनी बजावलं होतं. मिस्त्री आला. टाइल्स नीट धराव्यात म्हणून छिन्नी-हातोडीनं जुना गिलावा टोचायला लागला. काकाजींनी त्याला चहा पाजून लगेच परत पाठवलं आणि जाहीर केलं, "टाइल्स रंगवू आपण. हुबेहूब दिसते."

मग तोलून पाहणं सुरू झालं. आमची घरं जोडून, मधली भिंत एकच. मी शाळेत शिकवून घरी आले की काकाजींची हाक यायचीच. "खरी टाइल पुसाले सोपी, हे कबूल," ते म्हणत, "पण रंगवलेली कधी निखळून तं पडत नाही ना!" एका कोपऱ्यात त्यांनी नमुना रंगवला आणि त्यावर लाल मिरचीची फोडणी मुद्दाम उडवली. पुसली. परत उडवली. ठसका असा की काकू अंगणात जाऊन बसल्या.

शेवटी चिकटपट्टी घेऊन स्वतःच रंगवायला लागले. सुरुवातीला चौकोन ऐसपैस काढले, त्यामुळे खिडकीजवळ पोचेपर्यंत ते बर्फीच्या वडीएवढे झाले. प्रत्येकात एक निळं फूल. एका टाइलवर तर बारीकशी भेगसुद्धा काढली. का, तर "खऱ्यातली एखादी फुटतेच."

दिवाळीत बहीण आली. "अवो माय, टाइल्स!" म्हणाली. काकूंची मान ताठ झाली. बहिणीनं सोबत आणलेला चिकटणारा हूक कौतुकानं भिंतीवर दाबला, त्याला झारा अडकवला, आणि झारा, हूक, निळं फूल सगळं एकदम ओट्यावर आलं. "भाऊजी, हे तं चित्र हाय!" ती पोट धरून हसली. काकू हसल्या नाहीत. बहीण जाईपर्यंत त्या काकाजींशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर काकाजी ते फूल परत काढत होते. मला राहवलं नाही. "काकाजी, तुम्ही अन् नकली? काहून?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मिस्त्रीनं चार घाव घातले, तं पलीकडं तुही माय दचकून रडाले लागली. तू शाळेत, मंदा बाजारात गेलती. भिंतीले लागूनच बाज हाय ना तिची."

आई वर्षभरापासून अंथरुणाला खिळली आहे. मी म्हटलं, "मले सांगाचं ना. मी तिले मागच्या खोलीत नेलं असतं."

"म्हणूनच नाही सांगतलं. तिथून रस्ता दिसते का तिले? दिवसभर येणारं-जाणारं माणूस पाहते, तेवढंच तं उरलं हाय बिचारीले."

मला रडूच आलं. दारात मंदाकाकू उभ्या होत्या. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. त्या पुढे आल्या, पदर खोचला आणि ब्रश उचलला.

"रंग उरला हाय ना? मंग सरका तिकडं. ह्या टायमाले चौकोन मी आखतो."