पाण्याचा दिवस आणि चन्नप्पा काका

चन्नप्पा काका कुणाच्याही घरी गेले की आधी जिन्याच्या पायऱ्या मोजायचे. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं, आणि कन्नडमधून. "ओंदु, एरडु, मूरु..." असा आवाज खालून वर येऊ लागला की शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणीही ओळखायचं, काका आले. वर पोचल्यावर नमस्कार वगैरे नाही. "सतरा. बारावी हालतीय. मिस्त्रीला दावा." एवढं सांगून मग ते चपला काढायचे.

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, कुणी घर विकत घ्यायला आलंय. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

काका एसटीत वेळापत्रकाच्या कामावर होते. कुठली गाडी कधी सुटायची आणि कधी पोचायची हे कागदावर मांडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली. एकुलती मुलगी गिरिजा बेंगळुरूला. वेळापत्रक लावावं असं घरात कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी ते गल्लीला लावलं.

गल्लीत सेवेची हौस सगळ्यांनाच होती. गणपती आले की कुणी म्हणायचं झाडं लावू, कुणी म्हणायचं आरोग्य शिबिर घेऊ. काका खिशातून लग्नपत्रिका काढायचे, उलटी करायचे आणि विचारायचे, "कोण, कवा, किती वेळ?" तिथंच निम्म्या लोकांना घरची कामं आठवायची. एकदा शिबिर ठरलंच, तर त्यांनी आदल्या रविवारी आम्हा सगळ्यांना भर उन्हात रांगेत उभं केलं. डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत, नुसती रांग. पाऊण तासानं संतोष, रोज व्यायामशाळेत जाणारा आमचा शेजारी, मटकन खाली बसला. काकांनी पत्रिकेवर नोंद केली. "शिबिराला हितं म्हातारी माणसं उबी ऱ्हाणार हायती. मांडव त्या अंगाला घ्या, खुर्च्या वाढवा." आम्ही तेव्हा खूप हसलो. शिबिराच्या दिवशी मात्र सत्तरीतली माणसं सावलीत बसून होती, आणि हसलेल्यांपैकी कुणी तो विषय काढला नाही.

मग गुरुजींचं झालं.

गुरुजी म्हणजे आमच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त शिक्षक. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि तेही खाली, अंगणात. ज्यांच्याकडे मोटर नाही त्यांनी घागरी वर न्यायच्या. एका पाण्याच्या दिवशी गुरुजी भरलेल्या बादलीसकट जिन्यावरून कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा चालले नाहीत.

त्या संध्याकाळी गल्ली जमली. सगळे हळहळले. कुणीतरी म्हणालं, "आता यापुढं आपण सगळे मिळून म्हाताऱ्यांचं पाणी भरू."

"सगळे म्हंजे कोण?" काकांनी विचारलं.

"सगळे म्हणजे... सगळेच."

"गुरुजी पडले तवा बी सगळे हितंच होते की. नावं सांगा."

मग मी माझं नाव सांगितलं. संतोषनं सांगितलं. कोपऱ्यावरच्या शिंपीकाम करणाऱ्या शबानाभाभींनी सांगितलं. काकांनी तिघांची नावं लिहिली आणि म्हणाले, "तीन पुरे. तिसाचा भरवसा न्हाय, तिघांचा हाय."

पुढचे आठ दिवस त्यांनी नुसती आखणी केली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नऊ घरं काढली. कुणाचा जिना अरुंद, कुणाचं बॅरल दाराआड, कुणाला दिवसाला किती पाणी लागतं, सगळं पत्रिकांच्या पाठीवर. आमची परीक्षाही घेतली. भरलेली घागर घेऊन वर जायचं आणि किती सांडलं ते बघायचं. संतोष धावत गेला आणि निम्मी घागर जिन्यालाच पाजून आला. मी पास झाले. शबानाभाभी पहिल्या आल्या.

काकांचे नियम तीनच होते. पाणी ओतायचं. झाकण लावायचं. उपदेश करायचा नाही. तिसरा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं.

नऊ घरांपैकी आठ घरांनी दार उघडलं. नववं नरसम्मांचं. त्या शहराच्या पूर्व भागातून आमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आलेल्या. उभा जन्म विड्या वळल्या, नवरा मागावर विणकर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा सुरतेला. त्या तांब्या-तांब्यानं पाणी वर न्यायच्या. एका तांब्याला एकदा जिना चढायचा, एकदा उतरायचा. मी घागर घेऊन गेले तर म्हणाल्या, "वद्दु. मला नको. मी कुणाचं फुकट घेत नाही." काका स्वतः गेले, तर त्यांनी दारच लावून घेतलं.

मला वाटलं काका चिडतील. ते गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसले आणि पत्रिका चाळत राहिले. "चूक माजीच हाय सुनंदा," ते म्हणाले. "बाईला काय पायजे ते मी लिवलं. बाई काय देऊ शकती, ते लिवलंच न्हाय."

दोन दिवसांनी त्यांनी मला सोबत घेतलं आणि पुन्हा नरसम्मांचं दार वाजवलं. या खेपेला घागर नव्हती.

"अम्मा, आमची अडचण हाय," काका दारातूनच म्हणाले. "पाणी कवा सुटतंय ते आमाला कळत न्हाय. पालिकेचा चावीवाला येतो, चावी फिरवतो, जातो. आमी पळेपर्यंत निम्मं पाणी गेलेलं आसतंय. तुमच्या खिडकीतनं चावीचा खड्डा दिसतो. दुसऱ्या कुणाच्या खिडकीतनं दिसत न्हाय, मी बगून आलोय. तो आला की तुमी ताट वाजवाल का?"

नरसम्मांनी खिडकीकडे पाहिलं, मग काकांकडे. "रोज बसायचं?"

"पाण्याच्या दिवशी. सकाळपासनं."

"म्हणजे हे काम आहे?"

"व्हय. आणि कामावरच्या माणसाला जागा सोडता येत न्हाय, म्हणून तुमचं पाणी आमी वर आणणार."

"कुठलं ताट?" त्यांनी विचारलं. "स्टीलचं लांब जात नाही. पितळी पाहिजे."

त्या दिवसापासून गल्ली त्या ताटावर चालू लागली. एकही पाण्याचा दिवस त्यांनी चुकवला नाही. तापातसुद्धा शाल गुंडाळून बसल्या. सगळी घरं भरून झाली की काका नरसम्मांकडे चहाला जायचे. ह्यांची भाषा कन्नड, त्यांची तेलुगू, मध्ये दोघांची आपापल्या वळणाची मराठी. मी एकदा दारापर्यंत गेले तर दोघंही खिडकीपाशी बसून नुसती गल्ली बघत होते. मी परत फिरले.

असे दोन उन्हाळे गेले. मग काकांचे गुडघे गेले. गिरिजा आली आणि त्यांना बेंगळुरूला घेऊन जायचं ठरलं. काकांनी वाद घातला नाही. आठ दिवस मला शेजारी बसवून प्रत्येक घर समजावलं, पत्रिकांचा गठ्ठा माझ्या हाती दिला आणि गेले. नरसम्मा खाली आल्या नाहीत. रिक्षा वळेपर्यंत खिडकीत उभ्या होत्या.

पाण्याच्या दिवशी काकांचा फोन यायचा. नऊ घरं क्रमानं विचारायचे. मी उत्साहानं सांगायची, "सगळं व्यवस्थित काका. दोन नवीन माणसंही मिळालीत. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

"बरं," ते म्हणायचे. "लई बरं." हळूहळू फोन लवकर संपू लागले. मग यायचेच बंद झाले.

एक दिवस गिरिजाचा आला. म्हणाली, "ताई, बाबा आमच्या बिल्डिंगमधे प्रत्येक दारावर जाऊन विचारतात, काही मदत पाहिजे का. लोक चांगले आहेत, पण कुणाला काही नकोच असतं. सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला सांगितलं, जरा समजवा त्यांना. मी समजावलं. तेव्हापासून ते खोलीतून बाहेरच येत नाहीत. जेवणही कमी केलंय."

फोन ठेवला आणि मला माझाच राग आला. सगळं व्यवस्थित चाललंय हे मी किती कौतुकानं सांगत होते.

पुढच्या पाण्याच्या दिवशी घरं भरून झाल्यावर मी नरसम्मांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं आणि तिथूनच फोन लावला. काकांचा आवाज लहान झाला होता.

"काका, अडचण झालीय," मी म्हणाले. "कोपऱ्यावरच्या घरात तिसऱ्या मजल्यावर नवीन जोडपं आलंय. बायकोला आठवा महिना, नवरा दिवसभर बाहेर. दहावं घर कसं बसवायचं, मला काही सुचेना."

यात खोटं एवढंच होतं की, दहावं घर बसवून झालं होतं. त्या सकाळीच शबानाभाभींनी तिचं बॅरल भरलं होतं, आणि हे नरसम्मांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं, उठल्या, फळीवरची पेन्सिल आणून माझ्या हातात दिली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. काका खाकरले.

"बाई एकटी आसती व्हय दिवसभर? मग आधी शबानाला इचार, दुपारी किती वाजता मोकळी आसती. घागरी लहान घ्यायच्या. दर मजल्यावर एक मिनिट थांबायचं. आणि संतोषला तिकडं अजाबात पाठवू नकोस. लिवतीयस न्हवं?"

"लिहितेय काका," मी म्हणाले. "जरा सावकाश सांगा."