हत्तीदरवाज्याच्या उशीची हकीगत

श्रीगजानन प्रसन्न. शारदेस नमन, कुलदेवतेस नमन, वाचणारांस रामराम. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सरी, वैशाख मासी जे वर्तले ते डोळां पाहिले तितके लिहितो. पदरचा मीठमसाला बेताने घातला आहे. राज्याचे नाव विचारू नये.

त्या राज्यी महाराज बहुत हळवे. जुनी इमारत पाडावयाची म्हणजे त्यांस रडू येई, आणि पाडावयाची तर असेच. मग कारभारी केसो महादेव यांनी युक्ती काढिली की, जी इमारत पाडणे तिचा जुना फोटो आणवावा, उशीच्या अभ्र्यावर छापवावा आणि उशी गादीवर ठेवावी. महाराज टेकले की हुकूम जाहला, आणि बेलदारांनी उशी घेऊन जावे, चित्रातील इमारत ओळखावी आणि कुदळ घालावी. कागद नाही, शिक्का नाही. लोक हळहळले तर महाराज म्हणत, "गेली कोठे? उशीवर आहे की!" ऐसे करिता धान्यबाजार गेला, घंटाघर गेले, राणीची बाव बुजली, अकरा उशा जाहल्या, आणि दरबारी मंडळी परम सुखाने टेकू लागली.

मग बारावी पाळी हत्तीदरवाज्याची आली. त्याचे देवडीत सगुणाबाई शिंपीण बसत असे. अकराही अभ्रे तिचेच हातचे, छापणे आणि शिवणे दोन्ही. तिची सासू तेथेच शिवी, आजेसासूही तेथेच. फोटो पाहताच बाई धावत कारभाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, "सरकार, हा तर माझा दरवाजा! मी बसू कुठं? अकरा उशा मुकाट्यानं शिवल्या, दुसऱ्याचं जात होतं म्हणून. ते माझं चुकलंच. पण हा नका घेऊ." कारभारी पान जुळवीत बोलिले, "फोटो देखणा आहे. सोमवारी उशी पाहिजे. एक हात चौरस, तसूभर अधिक नको." बाई म्हणाली, "फोटो लांबोडा, उशी चौकोनी. सगळा मावत नाही." कारभारी बोलिले, "मावेल ते छाप," आणि फोटोकडे पाहिलेही नाही, कारण या दरबारी चित्रास पाठ लावण्याची चाल होती, पाहण्याची नव्हती.

बाईने फोटो पसरिला, तो उजवे अंगास हत्तीदरवाजा आणि डावे अंगास राजवाड्याचा मुदपाकखाना, जेथे महाराजांचे पान मांडीत. दोहोंतून एकच मावे. बाईने देवाचे नाव घेतले आणि डावे अंग छापिले. सोमवारी महाराज टेकले, डोळे मिटून "हाय रे दरवाज्या!" ऐसा उसासा टाकिला, आणि बेलदार उशी घेऊन निघाले. मग दोन प्रहरी महाराज पानावर बसले, वरणभातावर तूप पडले, तो भिंतीतून कुदळ आली, आणि तुपावर माती आणि मातीवर विटा. महाराज गर्जले, "हुकूम कोणाचा?" बेलदारांचा नाईक उशी पुढे धरून म्हणाला, "आपलाच, धनी. पाठीची ऊब हाये अजून."

सगुणाबाईस आणिले. ती बोलली, "मावेल ते छाप म्हणाले, मावलं ते छापलं. मला काय ती शिक्षा करा, पण दरवाजा ठेवा." महाराज भुकेले होते, म्हणोन शिक्षा मागे पडली, आणि चूल मांडावी ऐसे अखंड छप्पर जवळ दुसरे नव्हते, म्हणोन चुली हत्तीदरवाज्याचे माडीवर नेल्या. महाराज तेथे जन्मात प्रथम चढले, आणि जेवले, आणि हात धुवावयास खिडकीपाशी गेले, तो खाली अवघे शहर आणि मध्ये अकरा मोकळ्या जागा. महाराजांनी विचारिले, "तेथे काय होते?" कारभाऱ्यांस सांगता येईना. मग उशा आणविल्या, आणि पाहती तो टेकून टेकून चित्रे उडाली होती आणि डोक्याच्या तेलाचे डाग तेवढे उरले होते. महाराज एकेक उशी उलटीपालटी करून पाहत राहिले, आणि या खेपेस मात्र खरेच रडले.

इत्यर्थ इतकाच की, दरवाजा राहिला आणि सगुणाबाई देवडीत राहिली. बाकी अकरा ठिकाणी काय होते हे सेवकास विचाराल, तर वर लिहिली ती तीन नावे वगळता सेवकासही आठवत नाही. आम्हीही टेकतच होतो.