पहिलीत जाण्याचा मांडव

बालवाडीतली मुलं पहिलीत जाणार म्हणून समारंभ करायचा, असं बालवाडीच्या बाई सुमनताईंनी जाहीर केलं, तेव्हा पिंपरीच्या त्या कामगार वसाहतीत असला समारंभ कुणी पाहिलेलाच नव्हता. बारसं माहीत होतं, लग्न माहीत होतं, उरूस माहीत होता, सत्यनारायण तर दर महिन्याला कुणाकडे ना कुणाकडे असायचाच. पण पोर एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत बसणार, यात वाजतगाजत करण्यासारखं काय आहे, हे लोकांना कळेना. खरं सांगायचं तर सुमनताईंनीही असं काही कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना नानासाहेबांना बोलवायला निमित्त हवं होतं, एवढंच.

नानासाहेब म्हणजे कारखान्याचे कामगार कल्याण अधिकारी. माणूस वाईट नव्हता, पण कल्याण करायचं तर ते मागणी बघून करायचं, असा त्यांचा खाक्या. वसाहतीच्या टोकाची पत्र्याची खोली बालवाडीकडे होती. ती काढून घ्यायची आणि पावसाळ्याच्या आत तिथे सायकलींची सोय करायची, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. सुमनताई भेटायला गेल्या तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, सायकली भिजतात म्हणून रोज कुणीतरी माझ्याकडे येतं. बालवाडीसाठी आजवर एकही आईबाप आलेला नाही. ज्यांची मुलं त्यांनाच गरज नसेल, तर खोली अडवून काय उपयोग?"

"गरज आहे, साहेब," सुमनताई म्हणाल्या. "तुम्ही एकदा येऊन बघा. मुलांचा समारंभ आहे. आईबाप असतील सगळे."

नानासाहेबांनी येत्या मंगळवारची दुपार दिली. सुमनताई आनंदाने बाहेर पडल्या आणि फाटकाशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मंगळवारी दुपारी जवळजवळ सगळे आईबाप पहिल्या पाळीवर असणार. बालवाडीत मुलं होती तीच मुळी आई आणि बाप दोघंही कामावर जाणाऱ्यांची. ज्यांच्या घरी कुणी असे, त्यांची पोरं घरीच हुंदडत. आता परत आत जाऊन साहेबांना दिवस बदला म्हणायचं, म्हणजे साहेब तो दिवसच काढून टाकणार. सुमनताई गप घरी आल्या.

बालवाडीतल्या ठकूचा बाप दत्तोबा मुकादमाकडे रजा मागायला गेला. मुकादम म्हणाला, "बारशाला रजा हाय, लग्नाला हाय, मयतीला हाय. हे कशात बसतं?" दत्तोबाने बराच विचार केला. मग तो परत येऊन सुमनताईंना म्हणाला, "ताई, बसंना हो कशातच." त्याचा पडलेला चेहरा पाहून सुमनताईंना फार वाईट वाटलं.

आईबाप नाहीत तर नाहीत, निदान मांडव तरी असा घालू की साहेबांना गरज पटली पाहिजे, असं मग सगळ्यांनी ठरवलं. वसाहतीचा रखवालदार चिमाजी जवळच्याच चिंचवड गावातला, मुरलेला माणूस. मांडव म्हटल्यावर त्याला एकच मांडव ठाऊक. त्याने मळ्यातून केळीचे खुंट आणले, आंब्याचे टहाळे आणले, दाराशी कलश मांडला. रस्त्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातला युसुफ आला तो उरुसासाठी ठेवलेल्या हिरव्या-गुलाबी झिरमिळ्या घेऊन. खरं तर सायकलींची सोय इथे झाली असती तर गिऱ्हाईक त्याचंच वाढलं असतं. पण त्याची सुरय्या याच बालवाडीत होती.

"ताई, धंद्याचं मी बघून घेईन," तो शिडीवरून म्हणाला. "तिला इथं सोडून जाताना रोज माझा जीव भांड्यात पडतो, ते कुठं मिळणार?"

आयांनी पाळीवरून आल्यावर शेंगदाण्याचे लाडू वळून दिले. कुणी घरातल्या जरीच्या साड्या दिल्या, त्या भिंतींना लावल्या. मधोमध एक कमान उभी केली. कमानीखालून मूल जाणार, पलीकडे कुणीतरी त्याला कुंकू लावून जवळ घेणार, आणि मूल पहिलीत गेलं असं समजायचं, हे सुमनताईंनी स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. कमानीवर काय लिहायचं याबद्दल मात्र एकमत होईना, तेव्हा तिथे नुसती झेंडूची माळ सोडली. मंगळवारी सकाळी मांडव असा सजला, की आत नवरा-नवरी तेवढे आणून बसवायचे राहिले होते.

आणि दुपारी नवरा आला.

महाळुंग्याच्या आबाजींच्या मुलाचं त्या संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न होतं. नवरी चिंचवडची. वऱ्हाडाचा जानोसा, म्हणजे लग्न लागेपर्यंत उतरायची जागा, गावाबाहेरच्या मारुतीच्या देवळात केलेली होती. पण आबाजी या वाटेला आले होते ते कारखाना नव्हता तेव्हा. जिथे शेतं पाहिली होती तिथे चाळी बघून ते गांगरले. ऊन मी म्हणत होतं, बैल फेसाळले होते. तेवढ्यात रस्त्याकडेला केळीचे खुंट, तोरण, झिरमिळ्या आणि दारात कलश दिसला. गाड्या थांबल्या आणि बाशिंगाची पेटी सांभाळत सगळं वऱ्हाड मांडवात शिरलं.

उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग कोण, कुठचा ते विचारायचं, ही आपल्याकडची रीत. सुमनताईंनी तीच पाळली आणि तिथेच फसल्या. मुलांच्या हातूनच त्यांनी सगळ्यांना गूळपाणी दिलं. आबाजी सतरंजीवर ऐसपैस बसले, मिशा पुसल्या आणि बायकोला म्हणाले, "पाव्हण्यांनी सोय झ्याक केली बरं का. पोरंबी कशी वळणाची हायती."

सुमनताईंनी चिमाजीला बाजूला घेतलं. "कोण आहेत हे?"

"वऱ्हाड हाय ताई. जानोसा समजून उतरल्यात."

"मग सांगा ना त्यांना. आता साहेब येतील."

"सांगू कसं? गूळपाणी तुमीच दिलंत न्हवं?" चिमाजी हळूच म्हणाला. "बसलेल्या वऱ्हाडाला उठा म्हणायचं नसतंय. वरबाप रुसला अन् गाड्या माघारी फिरवल्या, तर त्या पोरीचं लगीन ऱ्हाईल अन् बोल आपल्यावर यील. तुमी दमानं घ्या. त्यांच्या पाव्हण्याला मी गुपचूप सांगावा धाडतो."

तर सुमनताईंनी दमानं घेतलं. वऱ्हाडात लहान मुलं होती, त्यांनी लाडवांचं ताट बघितलं. लहानांना दिले म्हणून मोठ्यांना विचारावं लागलं, आणि मोठी माणसं नको नको म्हणत दोन-दोन खाऊन गेली. बैलांना कुणी विचारलंच नाही, तर त्यांनी आपणहून डावीकडचा केळीचा खुंट खाल्ला आणि तोरणाला सुरुवात केली. नवरदेव मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसला होता. त्याच्यासमोर ठकू आणि सुरय्या उभ्या राहून त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"तुम्ही पण पहिलीत जाणार?" ठकूने त्याला विचारलं. नवरदेव लाजला.

इतक्यात नानासाहेब आले. कोट, काळी टोपी, हातात छत्री. नवरीचे एक मामा कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत, असं आबाजींनी लग्नाच्या बैठकीत ऐकलं होतं. हेच ते मामा, असं समजून ते ताडकन उठले, पुढे गेले आणि नानासाहेबांना कडकडून भेटले. वसाहतीत नानासाहेबांना लोक रोज नमस्कार करत, वाट सोडून उभे राहत, पण असं कुणी कधी मिठीत घेतलं नव्हतं. टोपी सरळ करायची सोडून ते क्षणभर तसेच उभे राहिले. आणि मनातून सुखावले, हे सांगायलाच हवं.

"या, बसा. तुमची सोय बघून जीव गार झाला," आबाजी म्हणाले.

"छे, माझं कसलं श्रेय," नानासाहेब म्हणाले. "सगळं या बाईंचं."

सुमनताईंनी घाईघाईने मुलांना रांगेत उभं केलं. दुसरं काही सुचेना. सुरय्या कमानीखालून धावत गेली, पलीकडे युसुफ होता, त्याने तिला उचललं. मग ठकूची पाळी आली. ती कमानीखाली आली आणि तिथेच थांबली. पलीकडे तिचं कुणी नव्हतं. मागची मुलंही पुढे बघून कावरीबावरी झाली. सुमनताई पुढे होणार, एवढ्यात आबाजींच्या बायको, रुक्मिणीबाई, उठल्या. आज त्या वरमाय होत्या, त्यांनी खरं तर हलायचंसुद्धा नव्हतं. पण त्यांनी कलशाजवळचा कुंकवाचा करंडा घेतला, ठकूला कुंकू लावलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिला कडेवर घेतलं. ते बघून एक करवली उठली, मग एक आत्या, मग दोन चुलते. येईल त्या मुलाला कुणी ना कुणी घेत गेलं. रुक्मिणीबाईंनी गाडीतली फराळाची टोपली उतरवली आणि मुलांच्या मुठीत बुंदी घातली. वऱ्हाडाने टाळ्या अशा वाजवल्या, की बैलांनी खाणं थांबवलं.

नानासाहेब उठून सुमनताईंजवळ आले. त्यांचा आवाज बदलला होता. "बाई, माझं चुकलं. एवढे पालक, एवढी माया. मी उगीच समजत होतो की कुणाला पर्वा नाही. खोली तुमचीच राहील."

आता गप्प बसलं तर संपलं होतं. खोली मिळाली होती. चिमाजी डोळ्यांनी खुणावत होता, की ताई, तोंड उघडू नका. सुमनताईंनाही उघडायचं नव्हतं. पण कडेवरची ठकू त्यांना दिसली, दत्तोबाचा पडलेला चेहरा आठवला, आणि या टाळ्या त्याच्या नावावर खपवायच्या याची त्यांना लाज वाटली.

"साहेब, यातला एकही पालक नाही," त्या म्हणाल्या. "हा युसुफ सोडला, तर हे सगळं महाळुंग्याचं वऱ्हाड आहे. चुकून उतरलंय."

नानासाहेबांनी मांडवातल्या एकेका तोंडाकडे पाहिलं.

"मग पालक कुठे आहेत?" नानासाहेबांनी विचारलं.

"पाळीवर. आपल्याच कारखान्यात. रजा मागितली होती त्यांनी, मिळाली नाही."

यावर बोलले ते आबाजी. "म्हंजी हा आमचा जानोसा न्हाई?" चिमाजीने डोळे मिटून घेतले. आता वरबाप पागोटं झटकून उठणार, हे त्याला दिसतच होतं. आबाजी उठले, रिकाम्या ताटाकडे बघितलं आणि बायकोला म्हणाले, "अगं, आपण पोरांचे लाडू खाल्ले की." इतका ओशाळलेला वरबाप चिमाजीने जन्मात पाहिला नव्हता. बुंदीची सगळी टोपली तिथेच ठेवून वऱ्हाड निघालं. नवरीचा बाप वाटेतच धावत भेटला. वऱ्हाड कशावरून रुसलं असेल याचा विचार करून करून तो घामाघूम झाला होता.

मांडवात नानासाहेब एकटेच बुटक्या बाकावर बसून राहिले. जा म्हणण्याची कुणाची हिंमत नव्हती. मग पाळी सुटल्याचा भोंगा झाला. थोड्याच वेळात कारखान्याकडच्या रस्त्यावरून माणसं येताना दिसली. चालत नव्हती, पळत होती. तेलकट हात, अंगावर कामाचेच कपडे, बायकांनी पदर खोचलेले. मांडवाशी येऊन ती थबकली, कारण मांडव म्हणण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

"संपलं का ताई?" दत्तोबाने धापा टाकत विचारलं.

सुमनताईंच्या आधी नानासाहेब म्हणाले, "नाही. अजून व्हायचंय." मग ते सुमनताईंकडे वळले. "बाई, परत घ्या. पहिल्यापासून." आणि जरा थांबून, पुटपुटल्यासारखं, "सायकली भिजल्या तर पुसता येतात."

मुलं पुन्हा रांगेत उभी राहिली. बैलांच्या कृपेने कमानीवर आता माळही नव्हती. यावेळी ठकू थांबली नाही, सुसाट पलीकडे गेली. दत्तोबाने हात तेलकट म्हणून ते मागे धरले होते, पण ती येऊन आदळलीच. त्याला रडू फुटलं, आणि ते लपवायला त्याने तिला खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसून ठकूने बराच वेळ हिशेब केला.

"बाई, मघाशी मी पहिलीत गेले ना?"

"हो."

"मग आता दुसरीत गेले?"

सुमनताईंच्या आधी दत्तोबाच म्हणाला, "न्हाई गं बाय. मघाशी बाप न्हवता. ते धरायचं न्हाई."

"ते धरायचं," ठकू म्हणाली. "तेव्हा बुंदी मिळाली."