पालथे दगड

आमच्या गावात पाहुणा कुणाच्या घरी गेला की आधी ओसरीवर टेकतो, पाणी पितो, मग बोलतो. दिगंबरअण्णा आधी न्हाणीत जातात. चपला काढतात, बॅटरी पेटवतात आणि धुण्याच्या दगडाशी उकिडवे बसून त्याच्या बुडाखाली बोटं घालून बघतात. आत कुणी आंघोळीला बसलेलं असेल, तर दाराबाहेरून विचारतात, "ज्याच्यावर बसलाव तो दगड कुठला हाय?"

गावाला सवय झाली आहे. नव्या सुना तेवढ्या दचकतात.

अण्णा विजेच्या खात्यात लाइनमन होते. निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली, तरी अंगात खाकी शर्टच. त्यांच्या बोलण्यात गावातल्या माणसांना नावं नसतात, खांब असतात. माझ्या दारात सात नंबरचा खांब म्हणून मी 'सात नंबरचे गुर्जी'. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवरही त्यांनी माझ्या नावाऐवजी 'खांब नं. ७' एवढंच लिहिलं होतं. पोस्टमनने ती बरोबर आणून दिली.

त्यांचं दगडांचं वेड या खांबांवरूनच सुरू झालं असणार, असा माझा समज होता. खांबावर चढलेल्या माणसाला साऱ्या गावाची परसं दिसतात. आमच्या गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, नळ आल्यापासून ओस पडली होती. घर बांधताना दगड लागला की लोक तिच्यातूनच आणत. नक्षीची बाजू खाली, सपाट बाजू वर. कपडे आपटायला असा दगड दुसरा नाही. कुणी काय नेलं ते अण्णांनी वरून पाहिलेलं होतं, आणि ते विसरत नव्हते.

गेल्या दिवाळीला पुण्याहून आलेल्या पोरापोरींनी बारवेतला गाळ काढला आणि त्याच उत्साहात खजिना शोधायचा खेळ काढला. गावाच्या इतिहासावर चिठ्ठ्या लिहायच्या, एकीवरून दुसरी शोधायची, शेवटी खजिना. मी हायस्कूलात इतिहास शिकवतो, म्हणून मला प्रमुख केलं. चिठ्ठ्या लिहायचं काम अण्णांनी मागून घेतलं. मी त्या आधी वाचायला हव्या होत्या. कंटाळा केला.

पहिल्या दोन चिठ्ठ्या सरळ होत्या. चावडी झाली, वेशीतला मारुती झाला. तिसरी सापडेपर्यंत खेळणारे आणि बघणारे असं काही वेगळं उरलं नव्हतं, सगळं गाव एका घोळक्यात चाललं होतं. मी माईकवर वाचलं, "वीर लढला, पडला, दगडात उभा राह्यला. आता रोज साबण खायलाय."

कुणाला काही कळेना. मग माजी पोलीस पाटलांच्या सुनेने तोंडाला पदर लावला. "अगं बाई," ती म्हणाली, "अण्णा परवा आमच्याच न्हाणीत होते."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. दोनशे माणसं पाटलांच्या परसात घुसली. पाटील डोक्याला साबण लावून त्याच दगडावर बसले होते. त्यांना वाटलं कुठं तरी आग लागली. टॉवेलवर बाहेर आले, आणि त्यांच्यादेखत चौघांनी पहार घालून दगड उलटा केला. खाली ढालतलवार घेतलेला वीर उभा होता. त्याच्या डोळ्यांत साबणाची पुटं बसली होती. पायाशी प्लास्टिकच्या पिशवीत पुढची चिठ्ठी.

पाटलांच्या कपाळावरून फेस ओघळत होता. ते म्हणाले, "मी याच्या पाठीवर चाळीस वर्षं बसलो?"

"त्रेचाळीस," घोळक्याच्या मागून अण्णा शांतपणे म्हणाले. "तुमच्या दारचा खांब बदलला, त्याच साली तुमी ह्यो आणला."

चौथी चिठ्ठी वाण्याच्या गोठ्यात घेऊन गेली. तिथं गाईच्या गव्हाणीला बारवेचा दगडी खांब टेकू म्हणून दिलेला निघाला. आता लोक हसत होते, पण प्रत्येकाची नजर आपापल्या घराकडे जात होती. दोघीतिघी बायका गुपचूप निघून गेल्या. दगडावर पोतं टाकायला गेल्या होत्या, हे नंतर कळलं.

गोठ्यातली चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी पिशवीतून काढून उघडली. आत लिहिलं होतं, "हत्ती पालथा. इतिहास शिकवणाऱ्याच्या घरी."

हत्ती आमच्या न्हाणीत होता. मी दहावीत होतो तेव्हा वडिलांनी आणि मी तो दगड बैलगाडीत घालून आणला होता. सोंडेकडची बाजू मी धरली होती. पुढे इतकी वर्षं वर्गात जुन्या वस्तू जपाव्यात म्हणून शिकवत राहिलो, आणि घरी जाऊन त्या हत्तीच्या पाठीवर पाय घासत राहिलो.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी माईकवर म्हणालो, "चिठ्ठी भिजली आहे. अक्षर लागत नाही."

कोरडी पिशवी माझ्या दुसऱ्या हातात होती. लोक अण्णांकडे वळले, तुम्हीच लिहिली, तुम्हीच सांगा म्हणाले. कुणाच्या घरी कोणत्या साली फ्यूज उडाला ते सांगणारा हा माणूस. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भिजली आसंल," ते म्हणाले. "मलाबी आता आठवंना झालंय."

कुणी तरी म्हणालं, म्हातारा गेला कामातून. लोक हसले. मीही हसलो. हे लिहायला हात धजत नाही, पण मीही हसलो.

पेढे वाटून खेळ संपवला. दोन दिवसांनी पुण्याची मंडळी परत गेली. अण्णा कुणाच्या घरी जायचे बंद झाले.

आठव्या दिवशी सकाळी मी पहार आणली आणि बायकोच्या मदतीने आमचा दगड उलटा केला. हत्ती जसाच्या तसा होता. त्याच्या पोटाखाली पिशवी होती. मी विसरूनच गेलो होतो की माझ्या घरी शेवटची चिठ्ठी असणार.

बारवेत पाच कोनाडे आहेत. चारांत मूर्ती, पाचवा रिकामा. त्यातली देवी चोरांनी नेली, असं मी स्वतः मुलांना सांगत आलो आहे. चिठ्ठीत होतं :

"खजिना बारवेजवळच्या खांबाखाली हाय. गावातला पयला खांब. भुई मऊ होती, खांब हलत होता, सायब वरडत होता. मी बारवेतला एक पालथा दगड उचलून खड्ड्यात टाकला. तोंड दिसलं तवर वरून गिट्टी पडाय लागली होती. ती देवी होती. चोर कुणी आला न्हाई. तुमच्या सगळ्यांची घरं दावली, आता माझं बघा. दिगंबर मारोती, लाइनमन."

मी न्हाणीतच खाली बसलो. मला वाटलं होतं, अण्णा गावाची अब्रू काढत आहेत. ते साऱ्या गावाला हाताला धरून स्वतःच्या गुन्ह्यापाशी नेत होते. मी त्यांना एक घर आधी अडवलं.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते एकटेच इस्त्रीची वायर जोडत बसले होते. मी चिठ्ठी समोर ठेवली. माफी मागताना माझे शब्द धड लागत नव्हते. पुढल्या दिवाळीला सगळ्यांसमोर वाचू, असं काही तरी बोललो.

"मी ब्याऐंशीचा हाय, गुर्जी," ते म्हणाले. उठून त्यांनी टोपी घातली. "चला. लोक न्हाईत तर न्हाईत."

आम्ही बारवेजवळच्या खांबापाशी गेलो. ऊन चढलं होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. अण्णांनी टोपी काढून हातात धरली आणि मला वाचायला सांगितलं. लिहून काढलं होतं, पण कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, म्हणाले. मी वाचलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"माझं नाव बारीक वाचलंत," वाचून झाल्यावर ते म्हणाले. "मोठ्यानं घ्या."

मी परत पहिल्यापासून वाचलं.