लेथ चालू आहे, पाणी आलेले नाही

सिद्राम बनसोडे यांनी लेथचं बटण दाबलं आणि अख्ख्या गल्लीने नळ उघडले.

त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती. पोस्टातून निवृत्त झालेल्या सिद्राम यांनी फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड कातायचा लेथ बसवला होता आणि तो पहिल्यांदाच सुरू करत होते. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर लोखंडी चौकट, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेल्या पटाश्या. सगळं व्हिडिओत पाहून केलेलं, पण व्हिडिओपेक्षा नीटनेटकं. नवी नव्हती ती फक्त मोटार. रिवायंडिंगवाल्या मडिवाळप्पाने ती स्वस्तात दिली होती. पूर्वी ती कुणाच्या तरी नळाला लावलेली होती आणि तिने आपला आवाज सोडला नव्हता. आधी जरा कण्हायची, मग लांबलचक घूंऽऽ.

गल्लीत पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. वेळ कुणालाच नक्की माहीत नसायची, त्यामुळे नळाकडे कुणी बघत बसत नसे. सगळे कान देऊन असत. शेजारची मोटार वाजली की आपली चालू करायची. मागे राहील त्याच्या नळाला नुसती हवा. नळाला थेट मोटार लावायला बंदी असल्यामुळे कुणाची फरशीखाली होती, तर कुणाची जिन्याखालच्या पेटीत. अपवाद एकट्या सिद्रामांचा. आपण ओढलं की पुढच्याचं पाणी जातं, हे ते गल्लीला वर्षानुवर्षं समजावून सांगत आले होते. त्यांच्या स्वतःच्या नळाला दोऱ्याएवढी धार यायची.

समोरच्या निवृत्त शिक्षिका अनसूयाबाई खांद्यावर नळी टाकूनच आल्या.

"पाणी आलं आणि सांगितलं नाहीत, बनसोडे?"

"पाणी नाही हो बाई. लेथ आहे."

"मग मोटार कशाला वाजवताय?"

"लेथला मोटार लागते."

"म्हणजे तुम्ही मोटार घेतलीत!" अनसूयाबाईंच्या आवाजात राग नव्हता, समाधान होतं.

सिद्रामांना थांबून चालणार नव्हतं. धम्मप्रिया या त्यांच्या मुलीच्या लेकीचं नामकरण पुढच्या रविवारी त्यांच्याच घरी होतं. करमाळ्याचे व्याही पाळणा घेऊन येणार होते. सिद्रामांनी त्यांना फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "पाळणा आणायचा नाही. आजोबा स्वतः करतोय. शिसवीचे चार खांब, कातीव." व्याह्यांनी दुकानातला स्टीलचा पाळणा रद्द केला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लेथ सुरू झाला. शेजारचा नंदू एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात रात्रपाळी करून झोपला होता. तो आवाजाने उठला, डोळे न उघडता मोटारीचं बटण दाबलं आणि परत झोपला. जिन्याखालून धूर आल्यावर त्याच्या बायकोने त्याला दुसऱ्यांदा उठवलं.

"काका, मोटार जळाली की माझी!"

"अरे, नळात पाणी आहे का ते बघायचं आधी."

"हितं नळ कोण बघतंय? तुमची वाजली, आमी लावली. आणि दार लावून काय चाललंय आत?"

"भुसा उडतो म्हणून लावलंय."

नंदूने आत जाऊन शेड पाहिलं. लेथखाली वाकून पाहिलं, फरशी ठोकून पाहिली. बाहेर येताना केसात आणि मिशीत भुसा होता. "नळी दिसंना कुटं," तो बाहेर जमलेल्यांना म्हणाला. म्हणजे ती सापडली नव्हती, इतकाच अर्थ लोकांनी घेतला.

सिद्राम हे नियमाने चालणारे गृहस्थ होते. त्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली, 'लेथ चालू आहे. पाणी आलेले नाही.' लेथ सुरू करताना ती फाटकावर लावायची, बंद केला की काढायची. दोन दिवस गल्ली सुखात होती. पाळण्याचे दोन खांब कातून झाले आणि अनसूयाबाईंनी ते हातात घेऊन "वळण छान आलंय," असंही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पाणी भर दुपारी आलं. सिद्राम डोळ्यांना चष्मा आणि कानावरून गमछा गुंडाळून तिसऱ्या खांबाला हात घालत होते. त्यांच्या पत्नी नागूबाई मुलीकडे गेल्या होत्या. फाटकावर पाटी होती. गल्लीने पाटी वाचली, आवाज ऐकला आणि निवांत आडवी झाली. कुणाच्या तरी नळातून फुसफुस ऐकू येत होती, पण लिहिलेलं खोटं कसं ठरवायचं? लेथ थांबला तेव्हा पाणी येऊन गेलं होतं. पुढची पाळी आता चार-पाच दिवसांनी.

संध्याकाळी फाटकाशी सगळे जमले. बादल्या हातात होत्या, पण रिकाम्या.

"बनसोडे, आम्ही तुमच्या पाटीवर विश्वास ठेवला," अनसूयाबाई म्हणाल्या.

"पाटी लावली तेव्हा खरी होती, बाई."

"आणि नंतर?"

पाटी लावायचा नियम त्यांनी केला होता, मध्येच उठून नळ बघायचा केला नव्हता. चर्चा फार झाली नाही. नंदूने मोटारीवरून लेथला फिरवणारा रबरी पट्टा काढला आणि तो अनसूयाबाईंच्या ताब्यात देण्यात आला. त्यांनी तो घरी नेऊन कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

रात्री जेवताना नागूबाईंनी विषय काढला. "चारातलं दोन खांब झाल्यात. बाळ काय दोरीवर वाळत घालायचं व्हय?"

"बघतो मी."

"काय बघताव? येवायास्नी सांगा, स्टीलचा आणा म्हणून."

"नाही सांगणार."

"मग बाईंच्या पाया पडा."

"नाही पडणार."

"मग भाकरी तरी खावा की," नागूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात शेंगाची चटणी जरा जास्तच वाढली.

शुक्रवारी सकाळी पाणी आलं. मागचा तोटा भरून काढायचा म्हणून गल्लीने सगळ्या मोटारी एकदम लावल्या, नंदूने जळालेली दुरुस्त करून आणलेलीसुद्धा. सिद्राम आपल्या दोऱ्याएवढ्या धारेखाली घागर लावून बसले होते. तेवढ्यात नंदूचा फोन वाजला. पलीकडून पाण्याची चावी फिरवणारा बिरुदेव बोलत होता.

"नंदू, मोटारी जप्त करणारी गाडी आलीय. तुमच्या कोपऱ्यावरच हाय. आवाज ऐकू यालाय त्यास्नी."

"मग बंद करतो की लगेच."

"आता बंद केलास तर इचारतील ना, आवाज कुटं गेला! घरं उघडून बघतील."

नंदू अनसूयाबाईंकडे धावला. अनसूयाबाईंनी अर्ध्या मिनिटात परिस्थिती समजून घेतली. कपाट उघडलं, पट्टा घेतला आणि पदर खोचून सिद्रामांच्या फाटकातून आत आल्या.

"बनसोडे, लावा हा."

"बाई, तुम्हीच तर..."

"नंतर बोलू. आधी लावा. पाळणा करायचाय ना तुम्हाला?"

सिद्रामांनी पट्टा चढवला, तिसऱ्या खांबाचं लाकूड आवळलं आणि बटण दाबलं. लेथ कण्हला आणि घूंऽऽ सुरू झालं. त्यासरशी गल्लीतल्या मोटारी एकामागून एक गप्प झाल्या. गाडी आत शिरली तेव्हा एकच आवाज उरला होता.

पथकाचा प्रमुख खाली उतरला. "मोटारी चालू होत्या इथे. आम्ही ऐकलंय."

"बरोबर ऐकलंत," अनसूयाबाई म्हणाल्या. "रोजचाच त्रास आहे हा. आम्ही तक्रारच करणार होतो. या, दाखवते."

शेडमध्ये भुसा उडत होता. कातलेले दोन खांब भिंतीला टेकून उभे होते. प्रमुखाने लेथ पाहिला, मोटार पाहिली, मग सिद्रामांकडे पाहिलं.

"हा आवाज ह्याच मशीनचा का?"

सिद्रामांनी पटाशी खाली ठेवली. खरं सांगितलं, तर आजच गल्लीतल्या मोटारी जाणार होत्या आणि त्यांच्या नळाला आयुष्यात पहिल्यांदा चांगली धार येणार होती. पट्टाही त्याच दिवशी परत कपाटात गेला असता, आणि रविवार परवावर होता. दारात अनसूयाबाई होत्या. त्यांच्यामागे नंदू हात जोडून उभा होता.

"ह्या मशीनचा आवाज असाच आहे," सिद्राम म्हणाले. ते खोटं बोलले नव्हते.

"आणि तुमच्या नळाला मोटार?"

"बघून घ्या."

प्रमुखाने अंगणातला नळ पाहिला. गल्लीतल्या मोटारी आत्ताच बंद झाल्या होत्या, पण त्यांच्या ओढीने नळात अडकलेली हवा अजून निघाली नव्हती. दोन थेंब पडले आणि तेही थांबले. प्रमुखाचा चेहरा एकदम मवाळ झाला.

"अहो, तुमच्याकडे तर पाणीच येत नाही! आणि मी तुमच्यावर संशय घेतला. लाइन तपासायला माणूस पाठवतो."

गाडी गेली. कोपऱ्यावरून तिचा आवाज येईनासा झाला, तशा सगळ्या मोटारी पुन्हा लागल्या. सिद्रामांनी तिसरा खांब पुरा केला आणि चौथा त्याच दिवशी संध्याकाळी. तेव्हा बाहेर नंदू स्वतः नळावर नजर ठेवून बसला होता. रविवारी पाळणा उभा राहिला. व्याह्यांनी खांबांवरून हात फिरवून, हे नक्की कुठल्या दुकानातलं, असं दोनदा विचारलं.

नामकरणानंतर सिद्रामांनी लेथ पुसला, तेल दिलं आणि वर चादर टाकली. दुसऱ्याच दिवशी नंदू मोडक्या पलंगाचा पाय घेऊन हजर झाला.

"काका, उद्या पाणी हाय. बसताव न्हवं लेथवर?"

"काम संपलं बाबा आता. लाकूडही नाही."

"म्हणूनच आणलंय की."

दुपारपर्यंत शेडमध्ये बाभळीचे दोन ओंडके, एक तुटकं मुसळ आणि अनसूयाबाईंच्या खिडकीची जुनी चौकट येऊन पडली. काय करायचं ते तुम्ही ठरवा, असं सगळेच म्हणाले. कुणालाच काही करून नको होतं.

तेव्हापासून पाणी आलं की सिद्राम लेथवर बसतात आणि लाटणी कातत राहतात. गल्लीत प्रत्येक घरात आता तीन-तीन लाटणी आहेत. तत्त्व त्यांनी सोडलेलं नाही. आपण ओढलं की पुढच्याचं पाणी जातं, हे ते अजूनही सांगतात. त्यांच्या नळाला आजही मोटार नाही. त्यांची टाकी अनसूयाबाईंच्या मोटारीवर भरते. नळी नागूबाई आणतात, आणि ती टाकीत सोडताना सिद्राम मान वर करत नाहीत. त्या वेळी काम नेमकं नाजूक असतं.